फक्त मध, पाणी आणि वेळ

मित्रांनो, जरा लवकर ऐका. मी एक जुनं लाकडी पिंप आहे. मला पाच लोखंडी पट्ट्या आहेत, त्यातल्या दोन घसरल्यात, आणि आत्ता माझ्यात जे पाणी ओतलंय ते चारही बाजूंनी गळतंय. उद्या सकाळी सुतार करवत घेऊन येणार आहे. तोवर माझ्यात पाणी ठरलं नाही, तर तो मला मधोमध कापून माझ्या दोन कुंड्या करणार आहे. तेव्हा मला फार पाल्हाळ लावता येणार नाही. तशी सवय आहे मला पाल्हाळाची. सत्तावीस वर्षं एका जागी पडून राहिल्यावर कुणालाही लागेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमच्या घरचे माझ्या नावाने शंख करतील. माझ्या पोटात जे असायचं ते मोठ्या माणसांनी प्यायचं. त्याला मीड म्हणतात. मध पाण्यात कालवायचा, त्यात यीस्ट घालायचं, आंबू द्यायचं आणि महिनोन्महिने गप्प बसून वाट बघायची. तुम्ही लहान असाल तर नुसती गोष्ट ऐका. गोष्टीने काही चढत नाही.

मला ज्यांनी घडवलं ते पिंपं करणारे कारागीर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी पिंपं केली. शेवटचं पिंप मात्र त्यांनी बायकोसाठी केलं, तो मी. ओकच्या फळ्या त्यांनी दोन वर्षं वाळवल्या, मग विस्तवावर धरून वाकवल्या. त्यात खिळा नाही की सरस नाही. काम चालू असताना ते माझ्याशी बोलायचे. म्हणायचे, "बाबा रे, आत ओल आहे तोवर या फळ्या एकमेकींना धरून राहतात. ओल गेली की सगळा कारभार आटोपला." तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता प्रत्येक फटीला ते वाक्य आठवतंय.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मधमावशी म्हणायची. त्यांची जीभ मात्र मधाची नव्हती. पण हात असा की विचारू नका. स्वयंपाकघराच्या मागे दोन पायऱ्या उतरून एक फरशीची खोली आहे, एकच खिडकी, कोपऱ्यात मोरी. तिथे मी आडवा पडलेला असायचो आणि माझ्या शेजारी पंधरा लिटरची एक काचेची बरणी. ती बरणी फार महत्त्वाची होती. त्याचं असं आहे, लाकडातून दर आठवड्याला थोडी मीड उडून जाते, तळाचा गाळ काढला की आणखी कमी होते. पिंपात मोकळी जागा राहिली की तिथे हवा शिरते आणि सगळ्याचा व्हिनेगर होतो. म्हणून त्याच घाण्यातली थोडी मीड बरणीत वेगळी ठेवायची आणि पिंप सतत भरत राहायचं. मावशींच्या घरात एकच कायदा होता, पिंप काठोकाठ भरलेलं पाहिजे. भाजी करपली तर चालेल, पिंप उणं चालणार नाही.

दर वर्षी वसंतात मधाचा मेळा भरायचा. मोठ्या मैदानात तंबू लागायचे, लांबलांबहून लोक यायचे. मला गाडीवर चढवून तिथे न्यायचे आणि माझ्या डोक्यावर मालकांनी, म्हणजे मला घडवणाऱ्यांनी, स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी लागायची. फक्त मध, पाणी आणि वेळ. त्यांच्या मते यीस्ट म्हणजे घरचंच माणूस, त्याचं नाव पाटीवर कशाला? मालक गेले तरी पाटी राहिली. मावशी ती दर वर्षी ओल्या फडक्याने पुसायच्या, अक्षरांवर जरा हळू हात फिरवायच्या. दुसरं कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही.

माझं कौतुक काय कमी झालं? लोक माझ्या पोटावर थापा मारायचे. माझ्याबरोबर उभं राहून फोटो काढायचे. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू!

आता मुद्द्यावर येतो, कारण डाव्या बाजूची धार वाढलीय.

मागच्या हिवाळ्यात मावशींनी गाळ काढला. माझा चौथा भाग रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी बरणीतली मीड ओतायची, असं ठरलं, आणि रात्रीतून त्यांना ताप भरला. साधासुधा नाही, पाच आठवडे त्यांनी अंथरूण सोडलं नाही. मुलगा जहाजावर नोकरीला. घरात फक्त सून. सून वर्षापूर्वीच लग्न होऊन आलेली, दिवसभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणारी, आणि सासूच्या जिभेपुढे निम्मी झालेली. मावशींनी पडल्या पडल्या हुकूम सोडला, "पिंप बघ. काठोकाठ भर. आणि बरणी आधी बाहेरून धू, तिच्यावर धूळ आहे."

पोरीने बरणी धुतली. खोलीत हाडं गोठवणारी थंडी, बरणी गार दगड, आणि हिने चुलीवरचं कढत पाणी तिच्यावर ओतलं. टक् असा आवाज झाला. बरणीचं बूड निघालं आणि पंधरा लिटर मीड माझ्या डोळ्यांदेखत मोरीत गेली. सून ओंजळीने भरायला धावली. तिचा हात कापला. फरशीवर बसून ती रडली, पण तोंडात पदर कोंबून, आवाज वर जाऊ नये म्हणून.

वरून हाक आली, "भरलंस का गं?"

आणि ही म्हणाली, "भरतेय, आई."

मित्रांनो, आता भरणार कशाने? घरात मध होता वाटीभर. मधपाळाकडे वसंतापर्यंत थेंब मिळणार नव्हता. तिने पातेलं चढवलं, त्यात साखर ओतली, रंग जुळावा म्हणून ती तपकिरी होईपर्यंत जाळली, पाणी घातलं, गार केलं आणि नरसाळ्याने माझ्यात ओतलं. काठोकाठ. हुकूम तेवढाच होता ना? तिला फसवायचं नव्हतं हो. तिला फक्त ओरडा खायचा नव्हता.

साखर आत आली आणि झोपलेलं यीस्ट जागं झालं. चार दिवस मी गुडगुडत होतो, बूच दोनदा उडालं. मी मनात म्हटलं, होऊ दे, मावशी उठल्या की एका वासात ओळखतील. त्या नाकापुढे कुणाची टाप होती?

मावशी उठल्या. भिंत धरत धरत दोन पायऱ्या उतरल्या. बूच काढलं, नाक लावलं, श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बूच हातात घेऊन त्याला नाक लावलं, मग मोरीजवळचा साबण उचलून हुंगला, मग स्वतःच्या पदराचं टोक. मग त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि माझी पट्टी घट्ट धरून म्हणाल्या, "कशाचाच वास येत नाही रे मला. तापाने नाक नेलं माझं. आता मी काय करू?"

हे त्यांनी मला सांगितलं. फक्त मला. सांगून सांगून कुणाला सांगितलं, तर पिंपाला!

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी सुनेला खाली बोलावलं आणि माझी तोटी सोडून ग्लास भरला. सून भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढराफटक. आता बॉम्ब फुटणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मावशींनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, सत्तावीस वर्षं जसे मिटायच्या तसेच, आणि म्हणाल्या, "वा. यंदा उत्तम उतरलीय."

सुनेला वाटलं, म्हणजे चाललं! साखर खपली! मावशींना वाटलं, सून काही बोलली नाही, म्हणजे मीड ठीक आहे आणि माझं बिंगही फुटलं नाही. दोघीही सुटकेचा निःश्वास टाकून वर गेल्या. आणि मी खाली, दोघींचंही गुपित पोटात घेऊन. ओरडावं तर तोंड नाही. एकदा जिवाच्या आकांताने मी पट्टी करकरवली. मावशी वरून म्हणाल्या, "हवा बदलली वाटतं."

मेळ्याचा दिवस उजाडला. मला गाडीवर चढवलं, पाटी लावली. फक्त मध, पाणी आणि वेळ. ती पाटी डोक्यावर घेऊन मी मैदानात शिरलो तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेळ्यात एक गृहस्थ यायचे, त्यांना सगळे कंपाउंडर म्हणत. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं बाटल्या हुंगून निवृत्त झालेले. मालकांचे जुने दोस्त. रुमालात गुंडाळलेला स्वतःचा छोटा ग्लास आणि खिशात वही. मेळ्यात चांगली मीड कुठे आहे हे शोधायचं तर लोक पाट्या वाचत नसत, कंपाउंडरच्या मागे चालत. त्यांच्या मागे पंधरावीस जणांची शेपटी कायम असायची.

त्या दिवशी त्यांचा आवाज मला तीन तंबू पलीकडून ऐकू येत होता. "हे काय? द्राक्षाची वाइन, वरून दोन चमचे मध. अहो, मधाने सुरुवात व्हायला पाहिजे, शेवटी पाहुणा म्हणून नाही!" पुढच्या तंबूत, "ही तर बिअर आहे. बाटलीवर मधमाशी काढली म्हणून काय झालं?" एका बाईने विचारलं, मसाला किंवा फळ घातलं तर चालतं का. "खुशाल घाला. आलं घाला, सफरचंद घाला, तुमचं काय डोकं चालेल ते घाला. पण आंबते ती गोडी मधाचीच पाहिजे. ते सोडलं तर उरलं काय?"

आणि मग त्यांची ती परीक्षा. प्यायल्यावर ते ग्लास रिकामा करून पालथा घालायचे, पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे आणि मग रिकामा ग्लास हुंगायचे. भरल्या ग्लासात कुणीही थापा मारेल, असं ते म्हणत. रिकाम्या ग्लासात मेण आणि फुलं राहिली, तर ती खरी मीड. मग ते वहीत नाव लिहायचे. आमचं नाव त्या वहीत दर वर्षी पहिलं असायचं.

ते आमच्याकडे आले. "काय वहिनी, बरं नव्हतं म्हणे?"

"मेले नाही अजून. घ्या," मावशी म्हणाल्या. आवाजात तोच तोरा.

कंपाउंडर प्यायले. ग्लास माझ्याच डोक्यावर पालथा ठेवला. हवापाणी झालं, जहाजावरच्या मुलाची चौकशी झाली. मागची सगळी शेपटी वाट बघत उभी. सून पेले पुसत होती, एकच पेला तिने किती वेळ पुसला ते मी मोजत होतो. मग त्यांनी ग्लास उचलला आणि हुंगला.

त्यांचा चेहरा मला दिसला. मित्रांनो, तुम्हाला कुणी आवडीच्या माणसाची वाईट बातमी सांगितली तर तुमचा चेहरा जसा होईल, तसा झाला. त्यांनी पुन्हा हुंगलं. मग ग्लास रुमालात गुंडाळायला घेतला आणि म्हणाले, "बरं आहे. येतो मी, वहिनी."

वही खिशातच राहिली.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "लिहिलं नाही तुम्ही."

"लिहीन की मागाहून."

"मागाहून कधीपासून लिहायला लागलात? काय कमी आहे ते तोंडावर सांगा. इतके लोक उभे आहेत."

कंपाउंडरने ग्लास त्यांच्यापुढे धरला. माझी फळी न् फळी ताठली. नका हुंगू, मावशी, सांगून टाका, मला वास येत नाही म्हणून सांगून टाका! पण त्यांनी ग्लास घेतला, डोळे मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मेण आहे. फुलं आहेत. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

कंपाउंडरने मान खाली घातली. त्यांना कळलं. आणि त्याच क्षणी सुनेलाही कळलं, कारण ती हाताच्या अंतरावर होती आणि त्या ग्लासाचा वास तिला चांगलाच येत होता. ती गप्प राहू शकली असती. कंपाउंडरही कुणाला बोलले नसते, मावशींना आयुष्यभर कळलं नसतं. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"आई," ती म्हणाली, "त्याला जळक्या साखरेचा वास येतोय. मी घातली. बरणी फुटली माझ्या हातून."

शेपटीतल्या सगळ्या माना मावशींकडे वळल्या.

"मला सांगायचं होतंस," मावशी म्हणाल्या. आवाज असा की मला ओळखू येईना.

"तुम्हाला भ्यायले मी." आणि मग रडत रडत, "आणि तुम्ही? नाकाचं तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी घरातच होते ना!"

मावशींनी ग्लास कंपाउंडरच्या हातात ठेवला. त्या खाली वाकल्या आणि त्यांनी माझी तोटी पूर्ण सोडली. मीड गवतावर धो धो वाहू लागली. लोक मागे सरकले. कुणी म्हणालं, अहो, फेकता कशाला, दुसऱ्या नावाने द्या. कंपाउंडर तर काकुळतीला आले, "वहिनी, पाऊण भाग मधच आहे हो त्यात!"

"पाऊण खरं म्हणजे काय हो?" मावशी म्हणाल्या. "पाटी त्यांच्या अक्षरात आहे." आणि माझा शेवटचा थेंब पडेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाटी काढून काखेत धरली आणि चालू लागल्या.

त्यानंतर मला त्या फरशीच्या खोलीत आणून टाकलं आणि कुणी फिरकलं नाही. सगळा उन्हाळा कोरडा गेला. आधी घसा सुकावा तशी आतली बाजू सुकली, मग फळ्या आकसल्या, मग एकेका फटीतून खिडकीचा उजेड आत यायला लागला. पिंपाच्या आत उजेड येणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू! वर भांड्यांचे आवाज यायचे, माणसांचे येत नव्हते. दोघी एका घरात जेवत होत्या आणि बोलत नव्हत्या. आज सकाळी मात्र मावशींचा आवाज आला. सुताराला सांगत होत्या, "उद्या सकाळी घेऊन जा ते. कुंड्या होतील. मला आता त्याचा काही उपयोग नाही."

ते ऐकलं आणि माझी वरची पट्टी सुटली. खणकन फरशीवर पडली, दुसरी तिच्यामागे. मुद्दाम केलं असं नाही म्हणणार, पण आवाज शक्य तितका मोठा झाला, हे खरं.

सून धावत खाली आली. क्षणभर बघत राहिली. मग तिने हातोडी आणली, पट्ट्या जमतील तशा ठोकून बसवल्या आणि मोरीच्या नळाखाली बादली लावली. पहिली बादली ओतली, सगळी गळाली. दुसरी, गळाली. आठवी, गळाली. तिचे कपडे ओलेचिंब झाले, फरशीवर तळं साचलं. दुपार टळली तरी ती ओततेच आहे. दुकानातून दोनदा बोलावणं येऊन गेलं.

मघाशी मावशी वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "ठरणार नाही ते. कशाला मरतेस?"

"लाकूड फुगायला वेळ लागतो, आई. बाबांनी पाटीवर लिहिलंय ना, वेळ." मग तिने वाकून माझ्या बुचाच्या भोकाला नाक लावलं आणि तशीच थांबली. "आई, आत वास आहे अजून."

"साखरेचा असेल."

"नाही. साखरेचा गेला. मेणाचा आहे, ओल्या मेणाचा. आणि कसली तरी फुलं आहेत, मला नाव येत नाही."

मावशी पायरीवरूनच पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "गोड आहेत की उग्र?"

"आधी गोड. मग जरा कडसर, लिंबाची साल खरवडल्यासारखी."

"खरं सांगतेस? माझी समजूत काढू नकोस."

"मेळ्यात काढली का? साखरेचं सगळ्यांसमोर सांगितलं. आता कशाला खोटं बोलू?"

मावशी एक पायरी उतरल्या. तिथेच बसल्या. तोंडाला पदर लावून रडल्या, चांगल्या आवाज करून रडल्या. सूनही रडली, पण बादली काही तिने खाली ठेवली नाही.

मित्रांनो, आता संध्याकाळ व्हायला आलीय. माझ्यात चार बोटं पाणी उभं आहे. सकाळी एक थेंब ठरत नव्हता, पण चार बोटांनी सुतार परत जाणार नाही. मला वाचायचं आहे हो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. घरात काही फुटलं तर त्याच दिवशी सांगा. आपलं काही हरवलं, मग ते नाक असो की दुसरं काही, तर ते पिंपाला सांगू नका, माणसाला सांगा. आणि कुठे एखादं जुनं पिंप कोरडं पडलेलं दिसलं तर त्यात एक बादली पाणी ओता. पहिली गळेल. म्हणून थांबू नका.

सुनेचा हात आत्ता भरून आला. तिने बादली टेकवली आणि कंबर धरली. पायरीवरून आवाज आला, जुना, करडा, माझ्या ओळखीचा.

"थांबलीस का? काठोकाठ भर."

आणि मावशी पदर खोचून खाली उतरल्या आहेत. पाणी अजून गळतंय, पण आता बादल्या दोन आहेत.